वहिनी, तुझा रिपोर्ट चांगला होता

वहिनी, तो रिपोर्ट पालघरहून मी आणला होता, एवढं तुला माहीत होतं. त्यात काय लिहिलं होतं ते तुला माहीतच नव्हतं, हे मला तू गेल्यानंतर सहाव्या दिवशी कळलं. एकोणीस वर्षं मी समजून होते की दादानं तुला सगळं सांगितलंय. आज बारावा दिवस. बोईसरच्या घरी, वह्या तपासायच्या टेबलावर बसून लिहितेय.

चिंचणीत भेटायला येणारा जो तो तुझ्या हाताबद्दल बोलतो. रंजूनं बांधलेलं कलम मरत नसे. अगदी खरं आहे ते. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं काय, चार दिवसांत तू संपलीस काय! आणि मागच्या वाडीत जुन्या चिकूवर तू बांधलेली चाळीस कलमं अजून तशीच लटकून आहेत. पिशवीत रायणीचं, म्हणजे चिकूच्या रानटी भावंडाचं, रोप, त्याला चिकूची फांदी जोडलेली, वर तुझी घट्ट गाठ. ती झाडापासून कधी सोडवायची हे दादाला ठाऊक नाही. तो मला फोन करून विचारतो. मला! मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून. मला तर ताजं कलम आणि महिनाभराचं कलम यातला फरकही तूच दाखवायचीस, आणि तरी मी चुकायचे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्या आठवड्यातच तू माझं नाव ‘मास्तरीणबाय’ ठेवलंस. ‘वन्सं’ म्हणायचीस ते फक्त चिडवायचं असलं की. आठवतंय, पडवीत बसून मी गुणसूत्रांच्या धड्याचा तक्ता रंगवत होते आणि तू समोर रायणीच्या रोपाची साल तासत होतीस. म्हणालीस, “ह्या शेवया कसल्या काढल्यास गं?” मी सांगायला लागले. माणसाच्या अंगातली कुठलीही पेशी घे, कातडीची घे, काळजाची घे, तिच्यात शेचाळीस गुणसूत्रं. सगळीकडे तीच, त्यांच्यात तोच डीएनए. वेगळी फक्त बीजपेशी. बाईची अंडपेशी, पुरुषाची शुक्रपेशी, त्यांच्यात निम्मी, तेवीसच. आईची तेवीस आणि बापाची तेवीस, मिळून पोराची पुन्हा शेचाळीस. आणि निम्मी करताना पत्ते पिसल्यासारखी पिसली जातात, म्हणून दोन भावंडं सारखी नसतात.

तू चाकू थांबवलास. “म्हंजे अंग कलमासारखं. कुठनं पण तोड, तेच निगणार. आन पोर बीसारखं. काय निगंल ते देवाला ठावं.”

अगं, हेच पोरांच्या डोक्यात घालायला मला अख्खं वर्ष लागायचं! मी म्हटलं, माझ्या वर्गात येऊन शिकव. तू म्हणालीस, “नको बाय, तितं कोण चिकू नाय देत.”

त्या दिवशी सुरू झालेलं भांडण आपण कधी संपवलंच नाही. तुझं म्हणणं, बीचं झाड लबाड. दहा वर्षं पाणी पितं आणि मग बारकं, चिकाळ फळ देतं. कलम शब्दाला जागतं. माझं म्हणणं, सगळीच कलमं असती तर जगात नवीन काही आलंच नसतं, तुझा तो लाडका जुना चिकूसुद्धा कधीतरी कुणाच्या तरी बीतूनच उगवला असेल. त्यावर तू, “मंग बीनं एकदा केलं ना काम? आता गप बसावं.” दर उन्हाळ्यात हे भांडण. दर उन्हाळ्यात तू जिंकल्याच्या थाटात उठून चहा ठेवायला जायचीस. पुढे पुढे बीचा विषय निघाला की तू लवकर उठायला लागलीस. मला ते दिसत होतं.

तीन गेले तुझे. दोन तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. पाचव्या महिन्यातल्यासाठी तू एक दुपटं शिवलं होतंस, ते पुढे कुठे गेलं कुणी विचारलं नाही. आई एवढंच म्हणाली, “हिचं पोट धरत नाय.” चिकूचा चीक बोटाला बसला की धुऊन जात नाही, तसं ते वाक्य तुला बसलं. वाडीत येणारी मजूरबाईसुद्धा तुला बघून आवाज खाली करायची.

मग पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी तुमच्या दोघांचं रक्त घेऊन मुंबईला तपासायला पाठवलं. रिपोर्ट आणायला दादा आणि मी गेलो. तुला आईनं सोडलं नाही, पंधरा दिवसांपूर्वीच तर तिसरं गेलं होतं. टेबलावर दोन कागद होते. तुझ्या कागदावर एक ओळ, सगळं व्यवस्थित. शेचाळीस, जागच्या जागी. दादाचा कागद मोठा. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं आणि मी मान डोलवत राहिले, कारण मला समजत होतं. दादाच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदललेले होते. दोन वह्यांची काही पानं चुकून एकमेकींत शिवली जावीत, तसं. दोन्ही वह्या घरात आहेत तोवर एकही पान हरवलेलं नाही. म्हणून दादा धडधाकट, गडी दिवसभर वाडीत राबतो. पण बीजपेशीत निम्म्याच वह्या जातात. तिथे एक बदललेली आणि एक साधी अशी जोडी गेली की बाळाला काही पानं दोनदा मिळतात आणि काही मिळतच नाहीत. असं बाळ बहुतेक वेळा टिकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात, चांगलं बाळही होऊ शकतं, वहिनींना घेऊन या, दोघांना एकत्र सांगते.

वहिनी, ‘चांगलं बाळही होऊ शकतं’ असं त्या म्हणाल्या होत्या.

बाहेर आल्यावर दादानं मोटारसायकल चालू केली, परत बंद केली. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी सांगतो तिला. माझं मी सांगणार. आईला नको, आन तू पण तिला बोलू नको. तुझ्याकडनं कळलं तर माझं तोंड राहणार नाय.” त्याला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. मी शब्द दिला. भाऊ होता माझा, काय करणार होते?

घरी आलो तर आई अंगणातच. “कुणात हाय?” मी म्हटलं, “कुणात काही नाही. दोघांचे नॉर्मल आलेत.” तू दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. आईनं तुझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, “मशीनला काय कळतंय.” कागदात काहीच सापडलं नाही म्हटल्यावर खापर फुटायला दुसरं डोकं कुठलं? मी एक वाक्य बोलले आणि तुझ्यावरचा शिक्का पक्का केला. त्या रात्री दादा तुला खरं सांगेल, एवढं मनाशी धरून मी बोईसरला निघून गेले.

आपल्या वाडीतला तो नियम. नवी लागवड असली की पहिलं कलम खड्ड्यात ठेवायचं ते लेकुरवाळीनं. आईचे गुडघे गेल्यावर तो मान माझ्याकडे आला, कारण मला मुग्धा झाली होती. मी शाळेची साडी नेसून स्कूटरवरून यायचे, उशीर झाला म्हणून कुरकुरायचे. कलमं सगळी तुझ्या हातची. खड्डे तू मोजून घेतलेले, शेणखत तू कालवलेलं. आणि पहिलं कलम तू माझ्या हातात द्यायचीस, हळूच, बाळ द्यावं तसं. “वन्सं, जोड मातीखाली जाऊ देऊ नको गं. जोड वर रायला पायजे, नायतर कुजतो.” मी ठेवायचे, आई हळद-कुंकू वाहायची, तू बादली घेऊन मागे उभी. मग पुढची सगळी तू एकटी लावायचीस. पहिल्याला तेवढा तुझा हात चालत नसे.

त्या एका पावसाळ्याबद्दल तुझी माफी कुठल्या तोंडानं मागू? पहिलं कलम लावून झालं होतं, हात धुवायला आपण विहिरीवर आलो. तू एकदम म्हणालीस, “तू शिकलेली हायेस. मला खरं सांग, माझ्यात काय कमी हाय?” आई मागेच फुलं तोडत होती. मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे आणि आईच्या कानावर पडावं म्हणून तू असं बोलतेस, नवऱ्याला सांभाळून घेतेस. मनात म्हटलं, काय बाई आहे ही! आणि मोठ्यानं म्हटलं, “काही कमी नाही गं. नशीब असतं एकेकाचं.”

नशीब! मी, गुणसूत्रं शिकवणारी बाई!

मला वाटलं, असं मी आत्ता लिहिलं. खरं सांगू का? पुरतं वाटलं नव्हतं. तुझ्या आवाजात नाटक नव्हतं, ते मला ऐकू आलं होतं. पण तुला माहीत आहे असं धरून चालणं सोयीचं होतं. धरलं की मला काही करावं लागत नव्हतं. मी मूग गिळून राहिले आणि त्याला तुझा मोठेपणा असं नाव दिलं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. दादाचा रिपोर्ट आल्यावर महिन्याभरात मी मुंबईला जाऊन माझं रक्त गुपचूप तपासून घेतलं. भावात आहे म्हणजे माझ्यातही असू शकतं, मुग्धालाही मिळालेलं असू शकतं, हे मला बरोब्बर सुचलं. माझ्यात नव्हतं. येताना मी पेढे घेतले आणि तुला पण दिले दोन. तू विचारलंस कसले, मी म्हटलं इन्स्पेक्शन चांगलं झालं. तू खाल्लेस, वहिनी. “वा, मास्तरीणबाय” म्हणालीस.

सहाव्या दिवशी पडवीत मी आणि दादा दोघंच होतो. मी सहज बोलले, बघ रे, एवढं माहीत असून ती कधी तोंडातून अवाक्षर बोलली नाही. दादा खाली बघत राहिला. मी म्हटलं, “दादा, तू सांगितलंस ना तिला?”

“नाय.”

“कधीच नाही?”

“दर वर्षी ठरवायचो. मग वाटायचं, ती विचारील, एवढी वर्षं का गप बसलात.”

“आणि पहिल्या वर्षी?”

“पहिल्या वर्षी वाटलं, सोडून जाईल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो ऐकत होता आणि अंगठ्यानं जमिनीवरचं शेण खरवडत होता. बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की यातला शब्दन् शब्द मलाही लागू आहे. सोडून गेली असतीस की नाही, कोण सांगणार? कदाचित गेली असतीस. कदाचित त्याला चार शिव्या घालून म्हणाली असतीस, चला डॉक्टरणीकडं, परत पत्ते पिसू. तुझा स्वभाव बघता मला दुसरंच खरं वाटतं, आणि म्हणून जास्त त्रास होतो. तुझा निर्णय होता तो. आम्ही दोघांनी तो तुझ्या हातात दिलाच नाही.

माझं सुतक तीन दिवसांचं, म्हणून शाळेत जातेय. परवा दहावीला नेमका तोच तास. फळ्यावर मी शेचाळीस लिहिलं, बाण काढला, तेवीस लिहिलं, आणि मागे वळले तर शेवटच्या बाकावर तू. पदर खोचलेला, मांडीवर रायणीचं रोप. डोळे मिटले, उघडले, तरी तू तिथेच. एका पोरीनं हात वर करून विचारलं, “मॅडम, निम्मं करताना चूक झाली तर?” मी खडू ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. घरी पण तसंच. नळ बंद केला की तुझ्या बांगड्या वाजतात. घाबरत नाही मी तुला. तू काही बोलत नाहीस त्याची भीती वाटते.

काल रविवार. सकाळी चिंचणीला गेले आणि आईला सगळं सांगून टाकलं, तुला कळूच दिलं नाही तेही. दादा समोर बसला होता, त्यालाही उठू दिलं नाही. आईला वह्या आणि पानं करून सांगितलं, तिला समजलं. मला वाटलं होतं ती कानावर हात ठेवेल, लेकाची बाजू घेईल. ती म्हणाली, “हे दादाला कुटनं आलं?” मी म्हटलं, “तुझ्याकडून असेल, नाहीतर बाबांकडून. कधी कधी त्या माणसातच नव्याने होतं. आता कळायला मार्ग नाही.” आई पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “दादाच्या आदी माजे दोन गेले. सासू मला हेच बोलायची, पोट धरत नाय. मंग दादा झाला आन सगळी इसरली. मी पण इसरले.”

वहिनी, चोपन्न वर्षांची झाले मी, हे पहिल्यांदा ऐकलं.

आई भिंतीला धरून उठली. “चल, शिरगावला जायाचं.” तुझ्या माहेरी. मी म्हटलं, आई, तेरावा व्हायचाय, सुतकात कसं जायचं? “सुतक गेलं खड्ड्यात. त्या बाईनं वीस वर्षं माझ्यासमोर मान वर नाय केली.” खरंच होतं ते. तुझी आई आपल्याकडे यायची ती पापडांचा डबा पुढे करून पायरीच्या कडेला बसायची, खुर्ची दिली तरी घेत नसे. आपल्या लेकीत खोट आहे आणि तुम्ही ती नांदवताय, असं तिचं बसणं.

शेजारच्यांची गाडी घेऊन आम्ही गेलो. तुझी आई पडवीत नुसती बसली होती, हातात काही काम नाही. आई तिच्याजवळ खाली जमिनीवर बसली, त्या गुडघ्यांनी, आणि तिचा हात धरला. मग मी बोलले. रिपोर्ट, दोन कागद, तुझी ती एक ओळ. तुझ्या आईनं, मावशींनी, शेवटपर्यंत ऐकलं. “म्हंजे माझ्या रंजूत काय नव्हतं?” “नव्हतं मावशी. काहीच नव्हतं.” “काय नव्हतं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. परत एकदा म्हणाल्या. पाठ ताठ झाली त्यांची, मी बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “तिला ठावं होतं?”

आईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ह्या म्हातारीला एवढं तरी समाधान असू दे, की लेक गेली ती स्वतःला निर्दोष समजून गेली. मी म्हटलं, “हो मावशी. माहीत होतं तिला.”

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग असा पडला की मला बघवेना. “मंग मला का नाय बोलली? मी तिला वीस वर्षं सांगत आले, देवाची माफी माग, तुजं काय चुकलं आसंल. आन ती गप ऐकत बसायची. पोटच्या आयशीला पण नाय सांगितलं? एवढी परकी झाले मी तिला?”

उठून आलो आम्ही. बोईसरला मला सोडलं तेव्हा आई काच खाली करून म्हणाली, “तू परत तेच केलंस.”

केलं, वहिनी. आधी दादाला वाचवायला, आता मावशींच्या समाधानासाठी, आणि दोन्ही वेळा भरपाई तू केलीस. काल मी तुला तुझ्या आईच्या मनातून उतरवून आले. ती आता तुझ्यावर रुसून बसली आहे, आणि तू सांगायला येऊ शकत नाहीस.

आज रजा टाकली आहे. दादाला फोन करून सांगितलं, आंघोळ करून तयार राहा, तुलाही यायचंय. तो नको म्हणाला नाही. मी निघतेच आहे. मावशींना सांगणार आहे की तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ न देणारे आम्ही दोघं तुमच्या समोर बसलो आहोत. त्यापुढे त्या जे बोलतील ते मान खाली घालून ऐकेन, आणि त्यांनी जा म्हटल्याशिवाय उठणार नाही.